जुन्या कमानीची पारख

जुनी वस्तू विकत घेणारा मनुष्य बहुधा दोन गोष्टी पाहतो. एक तिची किंमत आणि दुसरी तिचे बाह्यरूप. ती वस्तू आजवर काय काय सोसून आली आहे, हा तिसरा प्रश्न तो क्वचितच विचारतो. पुष्कळशा वस्तूंच्या बाबतीत तो न विचारला तरी चालते. जुने कपाट डुगडुगते, जुना पंप गळतो, जुनी खुर्ची करकरते. त्या वस्तू आपली व्यथा आपणच सांगतात. परंतु जीपगाडीची कमान ही वस्तू अशी आहे की, ती आपले दुखणे पोटात ठेवते. वरून रंगाचा एक हात दिला की दहा वर्षे दगडधोंड्यांत राबलेली कमान आणि एक वर्ष डांबरी रस्त्यावर धावलेली कमान यांत नवख्याला फरक दिसत नाही. म्हणून ही वस्तू पारखावयाची कशी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

फोंडा आणि त्याच्या पूर्वेचा मुलूख यांत हा प्रश्न नित्याचा आहे. फोंड्याहून खांडेपार, तिस्क-उसगाव, धारबांदोडा असे करीत रस्ता मोल्याला जातो आणि पुढे अनमोड घाट चढून बेळगावची वाट धरतो. मोल्याजवळच कुळे हे गाव आहे. तेथून दूधसागर धबधब्याकडे जाणारी जंगलातील वाट ओढ्यांच्या पात्रांतून, गोट्यांवरून आणि झाडांच्या मुळांवरून जाते. सुमारे ३१० मीटर उंचीवरून कोसळणारा हा धबधबा पाहावयास येणारे प्रवासी या वाटेने जीपगाड्यांतून जातात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा सुरू होते. इकडे सावई-वेरे, केरी या भागांतील कुळागरांत नारळ, सुपारी आणि केळी वाहून आणण्यासाठी जुन्या जीपगाड्या उपयोगी पडतात. या साऱ्या गाड्यांचा भार शेवटी चार कमानींवर असतो. गणेशचतुर्थी आटोपून हंगाम तोंडावर आला म्हणजे गाडीमालक गाडीखाली वाकून पाहतो आणि एखादी कमान बसलेली अथवा एखादा पाटा चिरलेला त्याला आढळतो. नवा संच घ्यावा तर खर्च मोठा, आणि मेस्त्री तर सांगतो की, अमुक ठिकाणी जुना संच निम्म्याहून कमी किमतीत मिळेल. अशा वेळी निर्णय कसा करावा?

प्रथम कमान म्हणजे काय हे पाहू. पोलादाच्या लांब, चपट्या आणि किंचित वाकवलेल्या पट्टीला पाटा म्हणतात. असे अनेक पाटे, सर्वांत लांब वर आणि सर्वांत आखूड खाली अशा क्रमाने एकावर एक रचून, मधोमध एका बोल्टाने आवळले म्हणजे कमान तयार होते. सर्वांत वरच्या लांब पाट्याची दोन्ही टोके नळीसारखी वळवून कडी केलेली असतात. त्या कड्यांत बुश बसवून कमान गाडीच्या सांगाड्याला जोडतात. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपची पुढील कमान सुमारे ३६ इंच आणि मागील कमान ४२ इंच लांबीची असून पाटा पावणेदोन इंच रुंद होता. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक साठ्यातील जीपी आपल्या देशात लिलावाने विकल्या गेल्या, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. पुढे १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली, तिलाही चारही बाजूंस पाट्यांच्याच कमानी होत्या. २०१० च्या थारला मागील बाजूस पाटे होते, तर २०२० च्या नव्या थारला आणि २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीला वेटोळ्याच्या, म्हणजे कॉइल स्प्रिंगा आहेत. म्हणजे जुन्या बाजारात आज दोन्ही जाती भेटतात आणि दोन्हींची पारख थोडी निरनिराळी आहे.

कमानीमागील मूळ नियम इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. भार जितका वाढवावा तितक्या प्रमाणात स्प्रिंग दबते, भार काढला की ती पूर्ववत होते. शंभर किलोग्रॅम भाराने एखादी कमान २५ मिलिमीटर दबत असेल तर दोनशे किलोग्रॅमने ५० मिलिमीटर दबेल. हा कडकपणा पाट्यांची संख्या, त्यांची रुंदी, जाडी आणि लांबी यांवर अवलंबून असतो. परंतु या चौघांचे वजन सारखे नाही. रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो, कारण तेथे जाडीचा घन मोजावा लागतो. ही गोष्ट जुना माल घेणाऱ्याने मनात कोरून ठेवावी. सहा मिलिमीटर जाडीचा पाटा गंजून ५.४ मिलिमीटर उरला, तर डोळ्याला तो फरक जवळजवळ दिसत नाही. पण त्या पाट्याचा कडकपणा सत्तावीस टक्क्यांनी घटलेला असतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने दमट हवेत उभ्या असलेल्या गाडीच्या पाट्यांमध्ये पाणी आणि चिखल साचून राहतो आणि न धावता देखील कमान झिजत जाते. म्हणून गाडी किती कमी किलोमीटर धावली, हे विक्रेत्याचे सांगणे खरे असले तरी पुरेसे नाही. ती कोठे आणि कशी उभी होती, हेही विचारावे.

कमान ‘मऊ झाली’ असे गॅरेजात नेहमी बोलले जाते. वस्तुतः येथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. वर्षानुवर्षे अतिभार सोसून कमानीचा बाक कमी होतो आणि गाडी खाली बसते. हे खरे आहे. पण पोलादाचा अंगभूत ताठपणा त्यामुळे कमी होत नाही. पाटे झिजलेले नसतील आणि मोडलेले नसतील, तर बसलेली कमानही शंभर किलोग्रॅमला जवळजवळ पूर्वीइतकीच दबते. तिने उंची गमावलेली असते, कडकपणा नव्हे. याच्या उलट, गंजून पातळ झालेली कमान कडकपणाच गमावून बसते. पहिले दुखणे दोरीने मोजता येते, दुसरे जाडी मोजण्याच्या कॅलिपरने. दोन्ही मोजमापे घेतल्यावाचून कमानीविषयी मत देणे म्हणजे नाडी न पाहता औषध सांगण्यासारखे आहे.

दोरीचे मोजमाप असे. एका कड्याच्या मध्यापासून दुसऱ्या कड्याच्या मध्यापर्यंत दोरी ताणून धरावी आणि मधल्या बोल्टाजवळ दोरीपासून वरच्या पाट्यापर्यंतचे अंतर मोजावे. जोडीतील दोन्ही कमानींचे हे अंतर सारखे असावयास हवे. कारखान्याने दिलेले माप उपलब्ध असेल तर त्याच्याशीही ते ताडून पाहावे. मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. काही जीपगाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूंच्या कमानी मुळातच निराळ्या असतात, कारण चालक आणि पेट्रोलची टाकी यांचे वजन एकाच बाजूस पडते. दुसरे असे की, मधला बोल्ट नेहमीच बरोबर मध्यावर असतो असे नाही. म्हणून बोल्टापासून दोन्ही कड्यांपर्यंतची अंतरे स्वतंत्रपणे मोजून आपल्या गाडीच्या कमानीशी जुळवावीत. अन्यथा लांबी तीच, रुंदी तीच, आणि तरीही आस पुढेमागे सरकून चाक तिरके बसते.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे तडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाडीचे आस वरचेवर मोडत असत. जे ओझे ते वर्षानुवर्षे सहज वाहत होते त्याच ओझ्याखाली ते एके दिवशी अकस्मात दुभंगत. जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने दीर्घकाळ प्रयोग करून दाखवले की, एका वेळी सहज पेलणारा भारही लक्षावधी वेळा देत राहिल्यास धातू थकतो आणि मोडतो. या थकव्याला मनुष्याच्या थकव्यासारखी विश्रांती ठाऊक नाही. एखाद्या गंजाच्या खळग्यातून अथवा ओरखड्यातून केसासारखी चीर सुरू होते, प्रत्येक धक्क्याबरोबर ती रेसभर आत सरकते आणि उरलेले पोलाद अपुरे पडले की पाटा एका क्षणात तुटतो. तुटलेल्या पाट्याचा छेद पाहिला तर हा इतिहास वाचता येतो. काळपट, गुळगुळीत भाग जुन्या चिरेचा असतो आणि चमकदार, खरखरीत भाग शेवटच्या क्षणाचा.

चीर शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मधल्या बोल्टाच्या भोकाभोवती पाटा मुळात कमकुवत असतो. कड्याच्या वळणाशी ताण मोठा असतो. आणि खालच्या पाट्याचे टोक वरच्या पाट्याला घासून जेथे खाचा पाडते, तेथेही चीर जन्म घेते. म्हणून कमान बांधलेली असतानाच विकत घेऊ नये. मधला बोल्ट काढून पाटे सुटे करावयास सांगावे. मात्र बांधलेली कमान आतून ताणलेली असते, तेव्हा ती शिकंज्यात धरूनच सोडावी लागते; हे काम मेस्त्रीचे आहे. सुटे पाटे तारेच्या ब्रशाने घासून स्वच्छ करावेत. मग घासलेटाचा बोळा फिरवून थोडा वेळ थांबावे, पृष्ठभाग कोरडा पुसावा आणि त्यावर खडूची भुकटी लावावी. चिरेत शिरलेले घासलेट हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. ही परीक्षा जुनी आणि स्वस्त आहे. जो विक्रेता पाटे सोडून दाखवावयास तयार होत नाही, त्याचा नकार हेच पुरेसे उत्तर समजावे.

पाट्यावर निळसर अथवा जांभळट झाक दिसली तर तो पाटा बाजूला ठेवावा. हा रंग उष्णतेचा आहे. कमानीचे पोलाद साधे लोखंड नव्हे. त्यात कार्बनबरोबर सिलिकॉन आणि मँगॅनीज अथवा क्रोमियम ही द्रव्ये असतात. ते लाल तापवून तेलात बुडवतात, म्हणजे त्यास पाणी देतात, आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. या दोन संस्कारांमुळेच ते वाकूनही परत सरळ होते. त्या पाट्याला कोणी वेल्डिंगचा टाका दिला अथवा गॅसच्या ज्योतीने तापवून बाक दिला, तर त्या जागेचे पाणी उतरते. मग तेथे तो एक तर मऊ पडतो, नाही तर काचेसारखा तडकतो. जोडकाम केलेला पाटा कितीही सुबक दिसला तरी घेऊ नये. थंड पाट्यावर हातोडे मारून बाक चढवून देण्याची पद्धतही सर्वत्र आहे. तिने उंची परत मिळते खरी. परंतु पुन्हा रीतसर पाणी दिल्यावाचून ती टिकत नाही आणि काही महिन्यांत गाडी पूर्वीच्या जागी येऊन बसते. ताजे हातोड्याचे घाव दिसले तर आपण जुनी कमान तरुण भासवून विकत घेत आहोत, हे ओळखावे.

रचनेत आणखी एक खुबी आहे, ती पाटे सुटे केल्यावरच दिसते. खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा थोडा अधिक वाकलेला असतो. बोल्ट आवळला की खालचे पाटे वरच्याला आधीच उलट दिशेने रेटून धरतात, आणि गाडीचा भार आल्यावर वरच्या मुख्य पाट्यावर पडणारा ताण तितका कमी होतो. कुटुंबातील धाकट्यांनी वडिलांचे ओझे वाटून घ्यावे तसा हा प्रकार आहे. निरनिराळ्या गाड्यांचे पाटे जमवून कोणी कमान बांधली असेल, तर ही वाटणी बिघडते. पाट्यांमध्ये फटी दिसतात आणि सारा भार एकट्या मुख्य पाट्यावर येतो. तीच गोष्ट जादा पाटा घालण्याची. खाणींच्या या प्रदेशात ट्रकांचे जाडजूड पाटे सहज मिळतात, आणि ओझे जास्त न्यावयाचे म्हणून त्यांतील एखादा जीपला बसवण्याचा मोह होतो. पण जाडीचा घन येथेही आपला हिशेब चुकवत नाही. कमान इतकी ताठ होते की ती दबतच नाही, आणि तिने गिळावयाचे धक्के सांगाड्याला, आसाला आणि आत बसलेल्या माणसांच्या मणक्यांना सोसावे लागतात.

जोडीची तुलना करण्याची एक चांगली युक्ती आहे. दोन्ही कमानींच्या पोकळ बाजू समोरासमोर आणून टोके टोकांना टेकवावीत आणि गॅरेजातील प्रेसमध्ये दोहोंच्या मध्यावर दाब द्यावा. दाब दोघींवर सारखाच पडतो, त्यामुळे जी अधिक दबेल ती अधिक दुबळी. तिचे पाटे पातळ झालेले असतात अथवा आत कोठे तरी एक मोडलेला असतो. प्रेस नसेल तर हा खटाटोप जॅक आणि साखळीने करू नये. निसटलेली कमान माणसाला जायबंदी करू शकते.

कॉइल स्प्रिंगेची पारख थोडी सोपी आहे. ती सपाट फरशीवर उभी करून जोडीतील दोघींची उंची मोजावी आणि ती एका अंगाला कलली आहे काय ते पाहावे. तारेची जाडी आणि वेटोळ्यांची संख्या मोजावी. येथे जाडीचा चौथा घात लागू होतो. बारा मिलिमीटरच्या तारेऐवजी तेरा मिलिमीटरची तार आली, बाकी सारे तेच राहिले, तरी स्प्रिंग सुमारे अडतीस टक्के ताठ होते. म्हणून ‘दिसायला सारखीच आहे’ हे आश्वासन निरर्थक होय. पेट्रोलच्या आणि डिझेलच्या गाडीच्या, लांब आणि आखूड गाडीच्या स्प्रिंगा भिन्न असू शकतात. त्यांवरील रंगाच्या खुणा आणि क्रमांक जुळवून पाहावेत. शेवटचे वेटोळे जेथे बैठकीवर टेकते तेथे रंग उडून गंज चढतो आणि स्प्रिंग बहुधा तेथेच तुटते. गाडी खाली घेण्यासाठी वेटोळे कापलेली स्प्रिंग कधीही घेऊ नये. कापल्याने ती आखूड होतेच, शिवाय अधिक ताठ होते आणि बैठकीत नीट बसत नाही.

गाडी उंच करण्यासाठी मुद्दाम जास्त बाकाच्या कमानी शोधणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. उंची वाढली की सुकाणूची भूमिती बदलते, प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि ब्रेकची नळी ताणली जाते. म्हणजे एक भाग बदलला की चार भाग बदलावे लागतात. शिवाय १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरवलेल्या स्वरूपात मनमानी बदल करण्यास मनाई करते आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा कठोर अर्थ उचलून धरला. मूळच्या मापाची कमान काढून त्याच मापाची दुसरी बसवणे ही दुरुस्ती आहे. गाडीचे रूप पालटणे ही निराळी गोष्ट आहे.

मग जुनी कमान घ्यावी की न घ्यावी? याचे उत्तर ती कोठून आली यावर अवलंबून आहे. नवी गाडी घेऊन हौसेने वेगळ्या कमानी बसवणारे लोक असतात. त्यांच्या गाडीच्या काढलेल्या मूळ कमानी हा जुन्या बाजारातील सर्वोत्तम माल. अपघातात सापडलेल्या गाडीच्या कमानी दुसऱ्या प्रतीच्या. त्या वाकल्या नाहीत ना, हे मापाने सिद्ध झाले तरच घ्याव्यात. वर्षानुवर्षे राबून भंगारात गेलेल्या गाडीच्या कमानी शक्यतो घेऊच नयेत. आणि प्रवासी नेणाऱ्या गाडीसाठी निदान मुख्य पाटा तरी नवाच घ्यावा. खालचा एखादा पाटा मोडला तर गाडी एका बाजूस कलते, पण कशीबशी घरी येते. मुख्य पाटा कड्याशी तुटला तर आसाला धरून ठेवणारेच काही उरत नाही. चाक मागे सरकते आणि सुकाणू चालकाच्या हाती असून नसल्यासारखे होते. हे अनमोड घाटाच्या वळणावर घडले तर वाचवलेल्या पैशाचा हिशेब करावयास कोणी उरेलच असे नाही. बुश, मधला बोल्ट आणि यू-बोल्ट हे जुने पुन्हा वापरू नयेत. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा तितके घट्ट धरत नाहीत. नवे बसवल्यावरही काही दिवस गाडी चालवून ते पुन्हा आवळावे लागतात. या किरकोळ वस्तूंची किंमत जुन्या संचाच्या किमतीत मिळवून मगच नव्या संचाशी तुलना करावी. पुष्कळदा असे आढळते की, मोठा वाटलेला फायदा हिशेबाअंती फारच थोडा उरतो.

जो पाटा या परीक्षांत नापास झाला तो वाया जातो असे मात्र नाही. लोहाराच्या भट्टीत त्याचे तुकडे होतात, पुन्हा पाणी दिले जाते आणि त्यातून उत्तम कोयते घडतात. कमानपाट्याचा कोयता म्हटला म्हणजे गिऱ्हाईक चार पैसे जास्त देते. नारळ सोलताना कोयता मोडला तर फार तर तेवढ्यापुरते काम अडते. गाडीखाली तोच पाटा मोडला तर आत बसलेल्या सहा-सात माणसांचे प्राण पणाला लागतात. जुना पाटा कोणाकडे द्यावा, मेस्त्रीकडे की लोहाराकडे, हे ठरवताना गाडीमालकाने एवढा फरक डोळ्यांपुढे ठेवला तरी पुरे आहे.